पाचशे गेले, परत पाचशे गेले : नाशिक-शिर्डी रस्त्यावरच्या एका चार्जिंगचा हिशोब

पार्श्वभूमी

माझे दीर नाशिकमध्ये टॅक्सी चालवतात. नाव देत नाही, घरात आम्ही भाऊजीच म्हणतो तर इथेही तेच म्हणते, आणि चार्जरच्या कंपनीचं, बँकेचं, हॉटेलचं नावही मुद्दाम टाकत नाहीये. आधी त्यांच्याकडे सीएनजीची गाडी होती, दोन वर्षांपूर्वी ती विकून इलेक्ट्रिक सेडान घेतली. २६ युनिटची बॅटरी आहे, एसी लावून, चार माणसं बसवून युनिटला साधारण साडेसात किलोमीटर पडतात. गाववस्तीत आणि त्र्यंबक, वणी, शिर्डी अशा भाड्यांना ती परवडते, त्याबद्दल काही तक्रार नाही.

मी सिडकोतल्या एका पतसंस्थेत कॅश आणि ताळमेळ बघते. म्हणजे दिवसभर समोर यूटीआर नंबर (बँकेच्या प्रत्येक व्यवहाराचा वेगळा नंबर), सस्पेन्सला पडलेल्या, म्हणजे कुणाच्या नावावर टाकायच्या ते न कळल्याने बाजूला ठेवलेल्या रकमा आणि चिडलेले सभासद हेच. त्यामुळे घरात कुणाचे यूपीआयचे पैसे अडकले की फोन मला येतो.

हे सगळं लिहायचं कारण असं की त्या रात्री भाऊजींचे पैसे तीन ठिकाणी अडकले आणि तिन्ही वेळेला मोबाईलवर दिसत होतं ते एकच, पैसे गेले आणि चार्जिंग नाही. आतमध्ये मात्र तिन्ही दुखणी वेगळी होती. आणि आम्ही, म्हणजे मी धरून, पहिले चार दिवस तिन्हींवर एकच औषध देत बसलो.

आधी थोडं हे पैसे द्यायचं काम चालतं कसं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेट्रोल पंपावर आधी तेल, मग पैसे. पब्लिक चार्जरवर उलटं, बहुतेक ठिकाणी कंपनीचं ॲप घ्यायचं, त्यातल्या वॉलेटमध्ये आधी पैसे भरायचे, मग क्यूआर स्कॅन करून सेशन सुरू करायचं, आणि झालेल्या युनिटप्रमाणे वॉलेटमधून पैसे कापले जातात. कंपनीची बाजूही समजते, चार्जरपाशी माणूस नसतो, गन, म्हणजे चार्जरचा गाडीत लावायचा प्लग, काढून कुणी निघून गेलं तर पैसे मागायचे कुणाकडे. पण यात सगळी जोखीम गिऱ्हाइकाच्या अंगावर येते, हे त्या रात्री आम्हाला नीट कळलं.

काय झालं

मे महिन्यातला शुक्रवार. आदल्या रात्री घरची लाईट दोनदा गेली त्यामुळे सकाळी गाडी ७६ टक्क्यांवरच निघाली. नाशिकरोड स्टेशनवरून जळगावचं एक कुटुंब घेतलं, काका-काकू, त्यांची मुलगी आणि म्हातारी आजी. त्र्यंबकेश्वर, मग रामकुंड, काळाराम मंदिर आणि रात्री शिर्डीला मुक्कामाला सोडायचं असं दिवसभराचं भाडं ठरलेलं.

दुपारी पंचवटीत चार्ज करायचं भाऊजींच्या डोक्यात होतं. तिथे गेले तर दोन गाड्या आधीच लागलेल्या, आणि आजी उन्हाने दमलेल्या, काका म्हणाले आधी जेवण करून घेऊ. मग राहिलं ते राहिलंच. माझ्या मते खरा पहिला निर्णय इथे झाला, चार्जरवर नाही. त्या वेळेला बॅटरी ३८ टक्के होती आणि हातात चार तास होते.

संध्याकाळी पुणे रोडला लागले, शिंदे गावाच्या अलीकडे एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये ३० किलोवॅटचा चार्जर आहे, तिथे पोचले तेव्हा १७ टक्के. शिर्डी तिथून ७० किलोमीटरच्या आसपास. कुटुंबाला आत चहाला बसवलं आणि ॲप उघडलं. दर युनिटला २१ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४ रुपये ७८ पैसे. ८० टक्क्यांपर्यंत न्यायला सव्वाचारशे-साडेचारशे लागणार. वॉलेटमध्ये ४६ रुपये होते, आणि १०० च्या खाली सेशन सुरूच होत नाही.

७ वाजून ४० मिनिटांनी त्यांनी ५०० टाकले. पिन टाकला, गोल फिरलं, बँकेचा मेसेज आला की ५०० वजा झाले. ॲपमध्ये परत आले तर वॉलेट ४६. दोन-तीनदा रिफ्रेश केलं, ॲप बंद करून उघडलं, ४६ च.

७ वाजून ४६ मिनिटांनी परत ५००. या वेळेला यूपीआय ॲपमध्ये पेंडिंग असं पिवळं आलं, थोड्या वेळाने बँकेचा मेसेज आला, वजा झाले. वॉलेट ४६.

खात्यात आता डिझेलवाल्या मित्राला द्यायचे थोडे पैसे सोडून काही नव्हतं. हेल्पलाईनला फोन लावला तर गाणं वाजतंय. तेवढ्यात काका बाहेर आले, त्यांनी विचारलं काय झालं, आणि बिचाऱ्यांनी स्वतःच्या फोनवरून ३०० भरून दिले. ते मात्र लगेच आले, वॉलेट ३४६. ८ वाजून ४ मिनिटांनी सेशन सुरू झालं, सगळ्यांनी हुश्श केलं.

८ वाजून २१ मिनिटांनी हॉटेलची लाईट एक सेकंद गेली आणि आली. चार्जरचा स्क्रीन काळा होऊन परत उजळला, त्यावर शेवटचा आकडा ४.९ युनिट आणि खाली एरर. गाडी ३५ टक्के. भाऊजींनी परत क्यूआर मारला तर ॲप म्हणतंय की तुमचं आधीचं सेशन चालू आहे. स्टॉप दाबलं तर स्टॉप होईना. चार्जर मेला होता पण ॲपच्या लेखी गाडी अजून चार्ज होत होती, आणि वॉलेटचे सगळे ३४६ त्यात अडकलेले.

तेव्हा मला फोन आला. “वहिनी, तेराशे रुपये गेले आणि गाडी पस्तीसवर आहे, आजींना बसवत नाहीये, मी काय करू सांगा.” आवाज ऐकूनच कळलं की माणूस रडकुंडीला आलाय.

त्या रात्रीचे पर्याय

३५ टक्क्यांत सपाट रस्त्यावर, एसी बंद करून पासष्ट-अडुसष्ट किलोमीटर जातील, शिर्डीला जरा कमीच पडणार, आणि मध्ये मोहदरी घाटाचा चढ आहे. म्हणजे सरळ निघणं बाद. सिन्नरला दुसऱ्या कंपनीचा चार्जर मॅपवर दिसत होता, पण ते ॲप भाऊजींच्या फोनमध्ये नव्हतं, म्हणजे नवीन खातं, नवीन वॉलेट, परत पैसे भरणं, आणि खात्यात पैसे नाहीत. मागे फिरून नाशिकमधल्या द्वारका चौकाकडे यायचं तर कुटुंब साडेनऊ-दहाला परत नाशिकमध्येच. तिथेच बसून हेल्पलाईनची वाट बघायची हाही एक होता. हॉटेलमालक भला माणूस, तो म्हणाला किचनच्या मागे १५ अँपिअरचं सॉकेट आहे ते वापरा, पण त्यावर तासाला तीनच युनिट जातात, म्हणजे दोन तास तरी गेले असते.

मी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, आता कुणाच्याही फोनवरून एक रुपया भरायचा नाही. दोन, चार्जरच्या स्क्रीनचा फोटो काढा, गाडीच्या मीटरचा काढा, आणि ॲपमधल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट. पहिली गोष्ट मी सवयीने सांगितली, आमच्याकडे सभासद एकाच हप्त्याचे पैसे तीनदा भरतात आणि मग ताळमेळाला आठवडा जातो. दुसरीचा पुढे एवढा उपयोग होईल असं मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

भाऊजींनी सिन्नर फाट्यावरच्या ओळखीच्या सीएनजीवाल्याला बोलावलं, १८०० ठरवले, आणि कुटुंबाला त्याच्या गाडीत बसवून शिर्डीला पाठवलं. काकांचे ३०० तिथेच रोख परत केले, हॉटेलमालकाकडून उसने घेऊन. स्वतः एसी बंद करून हळूहळू घरी आले, साडेदहाला.

निर्णय चुकला का? मला नाही वाटत. सिन्नरचा चार्जर त्या रात्री चालू होता हे आम्हाला नंतर कळलं, तो घेतला असता तर १८०० वाचले असते. पण आजी गाडीत, बॅटरी पस्तीस, घाट समोर आणि पलीकडे चार्जर चालू असेल की नाही याची खात्री नाही, अशा वेळी भाऊजींनी प्रवाशांचा जीव आधी धरला, मीही तेच केलं असतं. ५०० दुसऱ्यांदा भरले तो निर्णय मात्र चुकलाच.

आम्ही काय केलं, आणि पहिले चार दिवस वाया कसे गेले

शनिवारी सकाळी ॲपमध्ये एकच तक्रार टाकली, “पैसे कापले गेले, चार्जिंग झालं नाही, एकूण १३०० परत करा.” आता वळून बघते तर ही तक्रार कुठल्याही क्लार्कने बाजूला ठेवावी अशीच होती. तीन वेगळे व्यवहार, दोन वेगळ्या माणसांचे पैसे, त्यातले ३०० तर वॉलेटला आलेलेच, आणि ४.९ युनिट वापरलेलेही. आम्ही सगळ्याचा एक गोळा केला. उत्तर आलं ते ठरलेलं, पाच ते सात कामकाजाचे दिवस थांबा, बँक परत करेल.

त्याच सकाळी आणखी एक धक्का. रात्री कधीतरी ते लटकलेलं सेशन बंद झालं होतं, आणि बिल ३४६ रुपये, १३.९६ युनिट. वॉलेट शून्य.

रविवारी सकाळी बँकेचा मेसेज, ५०० जमा. आम्हाला वाटलं चला, सुरुवात झाली, उरलेले पण येतील. सोमवारी दुपारी कंपनीने तक्रार बंद केली. कारण लिहिलं होतं, तुमचे ५०० रुपये बँकेने परत केले आहेत.

आणि इथे खरा गुंता झाला. दोन्ही रकमा ५०० च्या, सहा मिनिटांच्या अंतराने, त्याच खात्यातून त्याच कंपनीला. परत आलेले ५०० कुठले? कंपनीने धरलं की तक्रारीतले तेच. भाऊजींनी धरलं की पहिले गेले ते पहिले आले. बँकेच्या कॉल सेंटरला विचारलं तर ती मुलगी सांगते, सर तुमचा व्यवहार सक्सेस आहे, पैसे मर्चंटला मिळालेत, त्यांच्याशी बोला. कंपनी म्हणते बँकेशी बोला. सोमवारचा आख्खा दिवस यातच गेला, आणि भाऊजी मला म्हणाले, जाऊ द्या वहिनी, एवढ्या वेळात दोन भाडी झाली असती.

मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांचं पासबुक, यूपीआय ॲपची हिस्टरी आणि वॉलेटची हिस्टरी असं तिन्ही समोर घेऊन बसले, ऑफिसात रोजकीर्द जुळवते तसंच. कागदावर चार रकाने आखले. वेळ, रक्कम, बारा आकडी यूटीआर, आणि चौथ्यात वॉलेटमध्ये त्याची जमा दिसते का. वीस मिनिटांत चित्र साफ झालं, आणि मला स्वतःचाच राग आला की हे मी शनिवारी का केलं नाही.

रविवारी परत आलेल्या ५०० चा यूटीआर होता ७:४६ वाल्याचा, म्हणजे पेंडिंगवाल्याचा. तो व्यवहार मुळात पूर्णच झाला नव्हता, पैसे कंपनीपर्यंत गेलेच नाहीत, म्हणून यूपीआयच्या व्यवस्थेतून ते आपोआप फिरून आले. यासाठी कुणाशीही भांडायची गरज नव्हती. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रकच आहे, दुकानदाराला यूपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण त्याच्याकडे कन्फर्मेशन पोचलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे नियम आमच्या काउंटरवर मी रोज लोकांना सांगते.

७:४० वाले ५०० मात्र सक्सेस होते. बँक खोटं बोलत नव्हती. पैसे निघाले, पेमेंट गेटवेपर्यंत, म्हणजे कंपनीसाठी ऑनलाईन पैसे घेणाऱ्या मधल्या संस्थेपर्यंत पोचले, गेटवेने कंपनीच्या सर्व्हरला निरोप द्यायचा असतो की अमुक ऑर्डरचे पैसे आले, तो निरोप कुठेतरी हरवला. भाऊजींना वाटत होतं पार्किंगमध्ये रेंज कमी होती म्हणून झालं, पण हा निरोप सर्व्हरवरून सर्व्हरला जातो, आपल्या मोबाईलच्या रेंजशी त्याचा संबंध नाही. हे पैसे बँकेकडून आपोआप कधीच आले नसते, कारण बँकेच्या लेखी अडकलेलं काही नव्हतंच. आमच्या भाषेत सांगायचं तर ते कंपनीच्या सस्पेन्सला पडलेले होते, आणि सस्पेन्समधून रक्कम बाहेर काढायची तर कुणीतरी तिथल्या माणसाने नंबर घेऊन शोधावी लागते.

तिसरं, ३४६ चं बिल. हा बँकेचा विषयच नाही, हा मीटरचा विषय. चार्जर आणि कंपनीचा सर्व्हर सिमकार्डवरून बोलत असतात, ओसीपीपी नावाची एक ठरलेली पद्धत आहे, सुरू केलं तेव्हाचं रीडिंग, मधलीमधली रीडिंग आणि बंद झाल्यावरचं शेवटचं रीडिंग. लाईट गेली, चार्जर रीस्टार्ट झाला, शेवटचं रीडिंग गेलंच नाही. सर्व्हर वाट बघत बसला आणि शेवटी ब्लॉक केलेली सगळी रक्कम कापून त्याने सेशन मिटवलं. ३४६ ला २४.७८ ने भागा, १३.९६ च येतात. म्हणजे ते युनिट मोजलेले नव्हतेच, पैशावरून उलटे काढलेले होते. हा भागाकार केला तेव्हा मी भाऊजींना हाक मारून दाखवला.

आणि आता ते फोटो कामाला आले. गाडी १७ वरून ३५ टक्क्यांवर गेली. १३.९६ युनिट खरंच गेले असते तर गाडी ६८ च्या आसपास दिसायला हवी होती. चार्जरच्या स्क्रीनच्या फोटोत ४.९ युनिट स्वच्छ वाचता येत होतं, वर चार्जरचा नंबर आणि फोटोवर ८:२२ ची वेळ. ४.९ चे होतात १२१ रुपये ४२ पैसे. म्हणजे जास्तीचे कापले २२४ रुपये ५८ पैसे.

त्या रात्रीच नवीन मेल लिहिला, आणि एक नाही, दोन. पहिल्यात फक्त ७:४० चे ५००. यूटीआर, ऑर्डर नंबर, पासबुकची नोंद, वॉलेटच्या हिस्टरीत ४६ वरून थेट ३४६ झालेलं दिसणारं पान, आणि स्पष्ट वाक्य की रविवारी परत आलेले ५०० हे दुसऱ्या यूटीआरचे आहेत, तो नंबर हा. दुसऱ्यात फक्त सेशनचं बिल, दोन फोटो आणि वरचा भागाकार. दोन्ही मेल दहा ओळींच्या आत. राग कुठेही लिहिला नाही, तो खूप होता तरी.

पुढे तक्रार कुठे करायची यावर घरात चर्चा झाली. माझे मिस्टर म्हणाले रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाका. मी नको म्हटलं. लोकपालाकडे जायला आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि तीस दिवसांची वाट, आणि इथे बँकेची चूक नव्हतीच. शिवाय कंपनीचं वॉलेट फक्त त्यांच्याच चार्जरवर चालतं, अशा बंद वॉलेटला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, त्यामुळे ते त्या छत्राखाली येतच नाही. ग्राहक म्हणून सेवेची तक्रार करायची जागा म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १९१५. गुरुवारी तिथे फोन करून नोंदवली, तक्रारीचा नंबर दोन्ही मेलच्या खाली जोडून परत पाठवले.

निकाल

दुसऱ्या सोमवारी, म्हणजे दहाव्या दिवशी, कंपनीच्या एका मुलाचा फोन आला. चांगला बोलला, मराठीत बोलला. गेटवेच्या रिपोर्टमध्ये तो यूटीआर सापडला, म्हणाला, ५०० वॉलेटला जमा करतो. सेशनचंही मान्य केलं, चार्जर परत ऑनलाईन आल्यावर त्याच्या मेमरीत ४.९ च निघाले, २२४.५८ वॉलेटला जमा.

वॉलेटला. बँकेत नाही. मी म्हटलं आमचे ५०० बँकेतून आले होते तर बँकेत परत द्या, तर म्हणाला मॅडम आता क्रेडिट टाकून झालंय, अटींप्रमाणे वॉलेटमधून परत काढता येत नाही. ही माझी चूक, मेलमध्ये “ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत करा” हे वाक्य मी लिहिलंच नव्हतं, फक्त “परत करा” लिहिलं. सेशनच्या पैशांबाबत तर वॉलेटच बरं होतं असं नंतर वाटलं, कारण मूळ खात्यात परत केले असते तर त्यातला मोठा भाग जळगावच्या काकांच्या खात्यात गेला असता, आणि त्यांना आम्ही रोख देऊन बसलो होतो.

दिवसाला १०० ची भरपाई मागून बघितली. मिळाली नाही. पेंडिंगवाले दोन दिवसांत आले त्यामुळे तिथे प्रश्नच नाही, आणि पहिल्याला बँकेने सक्सेस म्हणून हात वर केले. मी ते तिथेच सोडलं.

सीएनजीवाल्याला दिलेले १८०० कुणीच भरून दिले नाहीत, कुणाला मागायचे हेही ठरत नव्हतं. त्या दिवसाच्या भाड्यातून ते आणि चार्जिंगचे पैसे वजा केले तर भाऊजींच्या हातात राहिलं ते घरच्या किराण्यालाही कमी होतं. हा आकडा कुठल्याच तक्रारीत बसत नाही, पण टॅक्सीवाल्यासाठी खरं नुकसान तेच असतं, ५०० तर आज ना उद्या येतात.

वेगळं काय करता आलं असतं

वॉलेट चार्जरपाशी भरायचं नाही, घरून निघतानाच भरायचं. हे सगळ्यात वर. १७ टक्क्यांवर, प्रवासी बसलेले, अशा वेळी माणूस दुसऱ्यांदा बटण दाबणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही, ती वेळच येऊ द्यायची नाही. भाऊजी आता दोन वेगळ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये तीनशे-तीनशे ठेवून निघतात. सहाशे रुपये अडकून पडतात हे खरं आहे आणि ते मला पटतही नाही, पण सध्या दुसरा इलाज नाही.

पैसे गेले आणि वॉलेटला आले नाहीत तर आधी यूपीआय ॲपमध्ये बघायचं, सक्सेस आहे की पेंडिंग. पेंडिंग असेल तर ते एकतर वॉलेटला पडतील नाहीतर बँकेत परत येतील, थांबायचं. सक्सेस असेल तर थांबून काही होणार नाही, यूटीआर घेऊन कंपनीच्याच मागे लागायचं. हे दोन मिनिटांचं काम आहे, आम्ही ते पाचव्या दिवशी केलं.

आणि दुसऱ्यांदा भरायचेच असतील तर रक्कम बदलायची. ५०० नंतर ५१० भरा. ऐकायला साधं वाटतं, पण आमचे चार दिवस फक्त दोन सारख्या रकमांमुळे गेले. ५०० आणि ५१० असते तर रविवारचा मेसेज बघताक्षणी कळलं असतं कुठले आले.

चार्जिंग संपलं की स्क्रीनचा आणि गाडीच्या टक्क्यांचा फोटो, प्रत्येक वेळी, सगळं नीट झालं तरी. भाऊजींना आता सवय लागलीय.

हॉटेलमालकाशीही मी जाऊन बोलले, उसने घेतलेले पैसे द्यायला गेले होते तेव्हा. त्या बिचाऱ्याने जागा आणि वीजजोडणी दिलीय, पण चार्जर अडला तर त्याच्या हातात काहीही नाही, ना रीस्टार्टचा अधिकार, ना वरच्या कुणाचा नंबर. गिऱ्हाईक मात्र त्याच्याच काउंटरवर येऊन ओरडतं. मी सुचवलं की निदान चार्जरच्या कंट्रोलरला छोटा यूपीएस लावायला कंपनीकडे मागा, लाईट एक सेकंद गेली म्हणून शेवटचं रीडिंग हरवू नये. त्याने लिहून घेतलंय.

कंपन्यांनी करायच्या गोष्टीही आहेत आणि त्या अशक्य नाहीत. शेअरच्या आयपीओला यूपीआयने अर्ज करताना पैसे आपल्याच खात्यात ब्लॉक होतात, शेअर मिळाले तर कापले जातात, नाहीतर मोकळे होतात, एकदाच वापरायच्या मँडेटची, म्हणजे पैसे नंतर कापायला आधीच दिलेल्या परवानगीची, ही सोय यूपीआयमध्ये २०१८ पासून आहे. चार्जिंगला हेच करा, ५०० माझ्या बँकेत अडकवा, १२१ झाले तर १२१ घ्या. वॉलेटच नको. युरोपात १३ एप्रिल २०२४ पासून नवीन लागणाऱ्या ५० किलोवॅट आणि वरच्या पब्लिक चार्जरवर साधं बँक कार्ड टेकवून पैसे देता आलेच पाहिजेत असा कायदा आहे, ॲप घ्या, खातं उघडा अशी सक्ती नाही. आपल्याकडे तर भाजीवाल्याकडेही क्यूआर आहे. सिंहस्थाची स्नानं तोंडावर आहेत, त्र्यंबक आणि रामकुंडाला बाहेरगावच्या किती इलेक्ट्रिक गाड्या येतील, त्या प्रत्येकाने नाशिकमध्ये उतरून चार ॲप आणि चार वॉलेट उघडायची का?

भाऊजींनी त्या ७२४ रुपये ५८ पैशांतून त्याच चार्जरवर दोनदा गाडी चार्ज केली, एकदा ३७६.६६ आणि एकदा ३०९.७५, दोन्ही वेळेला फोटो काढून, आणि दोन्ही बिलं बरोबर आली. आता तिथे ३८ रुपये १७ पैसे शिल्लक आहेत. १०० च्या खाली सेशन सुरू होत नाही आणि बँकेत परत घेता येत नाहीत, म्हणून ते वापरायला आधी अजून पैसे भरावे लागतील.